आवडत्या फँटसी लेखकाची पहिली, जराशी कच्ची कादंबरी कशी वाचायची

गेल्या मे महिन्यात, सोलापूर तव्यासारखं तापलेलं असतं त्या दिवसांत, भर दुपारी मावसबहिणीचा फोन आला. "दादा, हा तोच सँडरसन आहे ना रे, का त्या नावाचा दुसराच कोणीतरी?" तिनं सुट्टीत मिस्टबॉर्न या फँटसी मालिकेचे पहिले तिन्ही भाग एका दमात संपवले होते, त्याच जोशात ब्रँडन सँडरसनचं पहिलं पुस्तक म्हणजे एलांट्रिस उघडलं होतं, आणि पन्नास पानांत बैल बसला होता. म्हटलं बाई तोच आहे, फक्त आधीचा आहे. मग तिला फोनवर जे सांगितलं तेच नंतर ऑफिसातल्या एकाला सांगितलं, मग त्याच्या भावाला, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी कधी वाचायचं ते बघू, कारण निम्मी माणसं इथंच चुकतात. मी काय गाढवपणा केला ते सांगतो. सँडरसनचंच द वे ऑफ किंग्स, २०१० सालचं, हजार पानांचं धूड, ते संपवलं आणि त्याची धुंदी उतरायच्या आत दुसऱ्याच दिवशी एलांट्रिस हातात घेतलं. म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत मोठ्या आकाशपाळण्यातून उतरायचं, तसंच डोकं गरगरत बाजूच्या लहान पोरांच्या लाकडी घोड्यावर जाऊन बसायचं, आणि घोडा हळू फिरतो म्हणून पाळणेवाल्याशी भांडायचं. ऐंशी पानांवर सोडलं ते वर्षभर कपाटात चादरींच्या खाली पडून होतं. चूक पुस्तकाची नव्हती. तर लेखकाचं सगळ्यात भारी पुस्तक संपवलं की मध्ये निदान एक महिना जाऊ द्या, आणि त्या महिन्यात दुसरंच काहीतरी वाचा, रहस्यकथा वाचा, प्रवासवर्णन वाचा, दिवाळी अंक राहिलेले असतात ते वाचा, पण फँटसी नको. जिभेवरची चव गेली पाहिजे.

आणि याच्या उलटी चूक म्हणजे लेखकाची ओळखच त्याच्या पहिल्या पुस्तकापासून करून घेणं. छापलेल्या क्रमानं वाचा म्हणणारे बरेच भेटतात, मला ते पटत नाही. आधी त्या माणसावर जीव बसला पाहिजे, मग त्याचे लहानपणीचे फोटो बघायला मजा येते, अनोळखी माणसाच्या बारशाचा अल्बम कोण बघतं?

आता पहिलं म्हणजे नेमकं कुठलं पहिलं, हे बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे पण त्यानं वाचनच बदलतं. एलांट्रिस छापलं गेलं २००५ ला. पण हे सँडरसननं लिहिलेलं पहिलं पुस्तक नाहीच, सहावं आहे. पठ्ठ्या कॉलेजात असताना हॉटेलात रात्रपाळी करायचा, काउंटरवर बसून लिहायचा, आणि पहिलं पुस्तक विकलं जायच्या आधी त्यानं तेरा कादंबऱ्या लिहून टाकल्या होत्या. तेरा! प्रकाशकाकडं हस्तलिखित पाठवून दीड वर्ष झालं, याला वाटलं विषय संपला, आणि २००३ मध्ये अचानक संपादकाचा निरोप आला की घेतो. म्हणजे आपण ज्याला कच्चं म्हणतो त्याच्या आधी पाच पुस्तकं घडी घालून बाजूला गेलेली आहेत. हे कळलं की तुम्ही नवशिक्याचं पुस्तक म्हणून वाचत नाही. कथेची बांधणी याला तेव्हाच येत होती, माणसं बोलती करणं अजून येत नव्हतं, असं बघायला लागता, आणि तसंच आहे ते.

प्रत्येक लेखकाच्या पहिल्या पुस्तकाची भानगड वेगळी असते. टेरी प्रॅचेट हा दुसरा फँटसी लेखक, त्याचं द कार्पेट पीपल १९७१ ला आलं, त्यानं ते सतराव्या वर्षी लिहायला घेतलं होतं. पुढं तो प्रचंड गाजला, लोक जुनं पुस्तक मागायला लागले, तर यानं ते तसंच काढायचं सोडून १९९२ ला स्वतः बसून नव्यानं लिहिलं, आणि वर म्हणाला की हे पुस्तक दोघांनी मिळून लिहिलंय, एक सतरा वर्षांचा मी आणि एक त्रेचाळीस वर्षांचा मी. म्हणजे आज तुमच्या हातात बहुतेक येतं ते डागडुजी केलेलं, खरा कच्चा माल नाही. कच्चेपणाच बघायला म्हणून वाचणार असाल तर हे आधी माहीत पाहिजे. आणि स्टीव्हन एरिक्सन या तिसऱ्या फँटसी लेखकाचं गार्डन्स ऑफ द मून १९९९ चं, ते मुळात सिनेमाची पटकथा म्हणून सुरू झालं होतं आणि छापून यायच्या कितीतरी वर्षं आधी लिहून तयार होतं, त्यामुळं त्यातून लगेच पुढच्या भागात गेलं की लेखकाचा हात एकदम बसलेला दिसतो, कारण मधली वर्षं आपल्याला दिसत नाहीत. पण तिथं एक अडचण आहे, ते दहा भागांच्या मालिकेचं दार आहे, दार आवडलं नाही म्हणून खिडकीतून शिरता येत नाही. एलांट्रिसचं तसं नाही, ते एकटंच पूर्ण आहे, सुरू होतं आणि संपतं. म्हणून मी उदाहरणाला तेच घेतोय.

एडिशन बघून घ्या. २००५ चं मूळ आणि २०१५ ला दहा वर्षं झाल्यावर काढलेलं, लेखकानं पुन्हा हात फिरवलेलं. पहिल्यांदा वाचताना २०१५ चं घ्या, उगीच कट्टर फॅनगिरी नको. सोलापुरात दुकानात समोर मांडलेलं दिसेल याची खात्री नाही, मी पुण्याहून आणलं, बहिणीनं ऑनलाईन मागवलं. फूटपाथवरची पायरेटेड कॉपी घेऊ नका हे नैतिक कारणासाठी सांगतोच पण माझ्या एका मित्राकडं आहे त्यात नकाशा म्हणजे नुसता काळा डाग आहे, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही कुठला देश कुठं ते. आणि नकाशा या पुस्तकात शोभेला नाही, एवढंच सांगतो.

घ्यायच्या आधी ईबुकचं फुकट सॅम्पल मिळतं ते वाचा. पण रिव्ह्यू वाचू नका. चार लोकांनी हिरो फार गुळगुळीत आहे म्हणून लिहिलेलं वाचलं की आपण प्रत्येक पानावर तेच शोधत बसतो, जेवताना कोणी भातात खडा आहे म्हणालं की सगळा भात चाळायला लागतो तसं.

कथेतलं एवढं माहीत असलं तरी चालतं, हे सगळं सुरुवातीच्या प्रकरणांतलंच आहे. एलांट्रिस नावाचं शहर, तिथली माणसं जवळजवळ देव, कोणावरही एका रात्रीत ती कृपा व्हायची, भिकारी असो की राजा. दहा वर्षांपूर्वी काहीतरी बिघडलं, आता ज्याच्यावर ती कृपा होते तो जिवंत प्रेत होतो, हृदय थांबतं पण भूक मरत नाही, आणि लागलेली जखम कधीच भरत नाही, साधी बोटाला ठेच लागली तरी ती कळ कायमची. अशांना त्या सडलेल्या शहरात कोंडतात. पहिल्याच प्रकरणात राजपुत्र रेओडेनला ते होतं. दुसऱ्यात त्याची ठरलेली बायको सरीन बोटीतून उतरते तर कळतं नवरा मेला, आणि कराराप्रमाणं ती आता लग्न झालेली धरली जाणार. तिसऱ्यात ह्राथेन नावाचा धर्मगुरू, त्याला तीन महिन्यांत हा अख्खा देश आपल्या धर्मात आणायचाय, नाहीतर वरून सैन्य येणार. आता सांगा, हे कच्चं आहे? कल्पना म्हणून एकदम पक्कं आहे. कच्चेपणा येतो तो पुढं.

नावं. इथं बरेच जण गळतात. या देशातली बरीच नावं एऑन नावाच्या जादूच्या अक्षरांवरून बनवलेली आहेत, त्यामुळं सगळी स्वरांनी भरलेली आणि एकमेकांसारखी. माझा उपाय साधा आहे, एका कागदावर देवनागरीत लिहून काढा. रोमनमध्ये डोळा नुसता घसरतो, देवनागरीत लिहायचं म्हटलं की उच्चार ठरवावाच लागतो, आणि एकदा तोंडानं म्हटलं की माणूस लक्षात राहतो. उच्चार चुकला तर चुकू द्या, लेखक काही आसरा चौकात भेटून विचारणार नाही. नावासमोर दोनच शब्द लिहा, "सरीनचा काका, स्वयंपाक भारी" असे. तो कागद बुकमार्क म्हणून वापरा.

एक माणूस मात्र कागदाशिवाय लक्षात राहील, गॅलाडन. रेओडेनला आत भेटणारा पहिला दोस्त, कायम कुरकुरणारा, आणि समोरच्याला "सूले" म्हणणारा, म्हणजे मित्रा, आणि वाक्याच्या शेवटी "कोलो?" लावणारा, म्हणजे कळलं का. पुण्यामुंबईच्या वाचकाला हे वाचून कदाचित नाटकी वाटेल, पण आपण सोलापूरकर, आपल्या प्रत्येक वाक्याला "बे" लागतोच, "काय बे", "चल बे", "जेवला का बे". त्यामुळं मला हा गडी पहिल्या पानापासून अशोक चौकातला वाटला. मूळचा दुसऱ्या प्रांतातला, आपली भाषा मध्ये मध्ये टाकणारा. इथं तर तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही एका वाक्यात येतात, आपल्याला सवय आहे.

आता या लेखाचं मुख्य. रोज किती वाचायचं. पुस्तकाची रचना अशी की तीन माणसं आळीपाळीनं येतात, एक प्रकरण रेओडेनचं, एक सरीनचं, एक ह्राथेनचं, परत पहिल्यापासून, आणि साधारण एक तिकडी म्हणजे तोच काळ तिघांच्या बाजूनं. साठाहून जास्त प्रकरणं आहेत म्हणजे वीस-एकवीस तिकड्या. रोज एक तिकडी वाचा, तीन आठवडे धरा. मध्येच प्रकरण तोडून ठेवू नका, आणि खरं सांगायचं तर दोन तिकड्याही एका दिवशी वाचू नका, निदान पहिल्या दहा दिवसांत तरी. कारण या पुस्तकाची जी सवय त्रास देते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, ती सलग वाचलं की डोक्यात जाते आणि रोज थोडं वाचलं की उलट मदतच होते, काल काय झालं होतं ते आठवतं. सरीन स्वतःला उंच आणि लग्नाला न खपणारी समजते हे तुम्हाला इतक्यांदा ऐकायला मिळेल की एका बैठकीत शंभर पानं वाचणारा माणूस पुस्तक भिंतीवर मारेल. मी पहिल्यांदा तेच करत होतो, इंटरसिटीत बसून, कुर्डुवाडी यायच्या आत वैतागलो होतो.

दुसऱ्या खेपेला तिकडीनं वाचलं तेव्हा मला ह्राथेन सापडला. हे माझं ठाम मत आहे, या पुस्तकाचा खरा नायक तोच, व्हिलन असला तरी. तिघांत फक्त त्याच्या मनात भांडण आहे. रेओडेन फारच चांगला आहे हो, नरकात पडल्यावर दोन दिवसांत हा टोळ्यांशी बोलणी करतो, लोकांना कामं वाटून देतो, साफसफाई काढतो, आपल्या गल्लीतल्या मंडळाचा नवीन उत्साही अध्यक्षच. कामात माणूस दुखणं विसरतो ही त्याची आयडिया चांगली आहे, पण बाबा एकदा तरी चूक, एकदा तरी चीड. नाही. तो जिथं नुसता चांगुलपणा करतोय तिथं मी भराभर वाचतो, पाप लागत नाही. ह्राथेनच्या प्रकरणात मात्र स्पीड कमी करा. विशीतल्या पोरानं लिहिलेला हा माणूस, स्वतःची श्रद्धा खरी आहे का नुसती हिशोबाची आहे हे तपासत बसलेला, आणि पुढच्या पुस्तकांत सँडरसननं देव, धर्म, शंका यावर जे काही लिहिलं त्याचं मूळ इथं दिसतं.

पेन्सिल हातात ठेवा. माझे वडील टॉवेल-चादरीच्या धंद्यात होते, नवीन डिझाईन जकार्ड मागावर चढलं की पहिला पीस हातात घेऊन आधी उलटा करायचे, कुठं धागा सुटलाय, कुठं रंग सरकलाय, आणि सगळ्यात शेवटी म्हणायचे डिझाईन चालेल का नाही चालेल. सुटलेला धागा दिसला म्हणून डिझाईन नाही म्हणायचे नाहीत, ते दोन वेगळे प्रश्न होते त्यांच्यासाठी. मी मार्जिनमध्ये दोनच खुणा करतो, धागा सुटला तिथं फुली, आणि पुढच्या पुस्तकांत जे मोठं झालं त्याचं बी दिसलं तिथं टिंब. संवाद छापील वाटला, फुली. श्रीमंतीवरून सरदारकी ठरवणारा राजा आणि त्या राज्याचा पैसा नेमका कसा फिरतो हे पटत नाही, फुली, आणि मी अकाउंट्सवाला आहे, मला ते जास्तच खटकलं. सिऑन, म्हणजे ते प्रकाशाचे बोलणारे गोळे, मालकाशी निष्ठावान, टिंब. सुरुवातीला सगळ्या फुल्या पडतात. अर्ध्यानंतर टिंबं वाढतात.

जादूकडं जरा नीट बघा. बोटानं हवेत एऑन काढायचा, रेष उजेडाची उमटते, आणि प्रमाण किंवा एक रेघ चुकली तरी काम होत नाही. आपल्याकडं ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे सांगायला नको, एक ठिपका हुकला की शेवटची ओळ जुळत नाही. आता पुढं २००७ मध्ये सँडरसननं एक नियम मांडला, की वाचकाला जादू जितकी समजलेली असेल तितक्याच प्रमाणात लेखकानं तिच्या जोरावर संकट सोडवावं, नाहीतर ती फसवणूक वाटते. एलांट्रिस त्याच्या दोन वर्षं आधीचं आहे. तो नियम डोक्यात ठेवून वाचा, आणि जादू का बिघडली याचा अंदाज स्वतः कागदाच्या मागं लिहून ठेवा, दहाव्या तिकडीला एकदा आणि पंधराव्याला एकदा. उत्तर शोधायला लागतं ते सगळं पुस्तकात समोर ठेवलेलं आहे, लपवलेलं नाही. माझे दोन्ही अंदाज चुकले, आणि उत्तर वाचल्यावर कपाळावर हात मारला, चिडून नाही, मजेनं.

सोडायचं कधी, हेही ठरवून ठेवा. पाच तिकड्या द्या. तोवर ह्राथेनसुद्धा धरून ठेवत नसेल तर खुशाल बंद करा. आवडत्या लेखकाचं सगळंच वाचलं पाहिजे असा काही सातबारा आपल्या नावावर नाही.

शेवटचा भाग वेगळा वाचायचा. तिथं तिकडीची शिस्त मोडते, माणसं भराभर बदलतात, घाईघाईत सगळं उरकल्यासारखंही वाटतं, काहींना तोच दोष वाटतो आणि तो आहेच थोडा. पण तिथं तुमचा नियमही मोडा आणि एका बैठकीत संपवा. शनिवारची रात्र ठेवा, शेजारी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी ठेवा, मधनं उठायला नको. मी गुरुवारी रात्री बसलो, पहाटे तीनला संपवलं, आणि सकाळी ऑफिसात जीएसटीचा एक आकडा असा टाकला की साहेबांनी दुपारपर्यंत तोंड बघितलं नाही.

संपल्यावर दोन गोष्टी, याच क्रमानं. सँडरसननं या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणावर स्वतःच्या टिपा लिहिल्यात, कुठं काय बदललं, काय जमलं नाही, फुकट वाचायला मिळतात. त्या आधी वाचू नका, रहस्य फुटेल, पण नंतर तुमच्या फुल्या आणि त्याची कबुली शेजारी ठेवून बघा, लई मजा येते. मग आठवडाभरानं द एम्परर्स सोल घ्या. छोटं आहे, २०१२ चं, त्याला २०१३ चा ह्युगो पुरस्कार मिळाला लघुकादंबरीसाठी. तेही याच जगात घडतं, पण वेगळ्या देशात, वेगळी माणसं, जुनं काही आठवायची गरज नाही. मधली सात वर्षं त्या माणसानं काय शिकण्यात घालवली ते दोन-तीन तासांत कळतं, एक खोली, एक कैदेतली बाई, आणि एकही शब्द जास्तीचा नाही.

मावसबहीण आता चौदाव्या तिकडीवर आहे. तिचा पहिला अंदाज माझ्याकडं फोटो काढून पाठवलाय, मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. काल रात्री साडेअकराला मेसेज आला, "ह्राथेन वाईट आहे का चांगला तेवढं सांग बे दादा". झोप म्हटलं, उद्याची तिकडी उद्या, कोलो?